आधी बोल

दाराच्या फटीतून चिठ्ठी आली. पोस्टमन येऊन गेला होता,
ही शेजारच्या ट्रेव्हरची. निळी शाई, अक्षर सुबक:
"तुमचा कुत्रा मंगळवारी एकूण एक्केचाळीस वेळा भुंकला."
मोजलं होतं त्यानं.
जन्म सगळा हॅलिफॅक्सच्या गालिचा-गिरणीत
धागे मोजण्यात गेलेला माणूस.

खोटं कसं म्हणू?
रताळ्या भुंकतो.
चाकांच्या कचरापेट्या उतारावरून गडगडल्या की,
समोरच्या धुराड्यावर पारवा बसला की,
आणि उठला की परत.
पाऊस थांबला तर त्यावरही.
आश्रयगृहातून आणला तेव्हा कागदावर नाव रेक्स होतं,
पण रंग बघा त्याचा, भाजलेला;
शिवाय आमच्याकडे ज्याला काही कळत नाही
त्याला रताळंच म्हणतात.

सोमवारी चर्चच्या हॉलात वर्ग.
सात कुत्री, नऊ माणसं, एक हीटर.
मिसेस हॅलिवेलच्या कोटाच्या खिशात उकडलेली कलेजी,
त्यामुळे वर्गाचं सगळं लक्ष तिच्याकडेच.
मी म्हटलं, बसणं-बिसणं राहू दे,
गप्प कसं करायचं तेवढं सांगा.
ती म्हणाली, "आधी बोलायला शिकव, लव्ह.
ज्याला सांगितल्यावर भुंकता येत नाही
त्याला सांगितल्यावर थांबता कसं येईल?"

मी वहीत उतरवून घेतलं.
ते वाक्य मग बसमध्ये शेजारच्या सीटवर बसलं
आणि माझ्याच स्टॉपवर उतरलं.

कारण मला 'बोल' कुणी शिकवलंच नव्हतं.
थेट दुसरा धडा.
पाहुणे आलेत, गप. मोठी माणसं बोलतायत, गप.
मिरजेला मला बघायला आले तेव्हा
आत्यानं पोह्यांच्या ताटल्या हातात देता देता सांगितलं,
विचारतील तेवढंच.
मी अजूनही तेवढंच.
फार्मसीच्या काउंटरमागे तेवीस वर्षं
माझं प्रत्येक वाक्य 'सॉरी'नं सुरू होतं,
गोळ्या त्यांच्या, खोकला त्यांचा, सॉरी माझं.

तर सराव.
मुकुंद बाहेर रिमझिमीत, छत्री धरून,
स्वतःच्याच घराची बेल वाजवतोय.
मी आत, मुठीत कलेजी. "बोल!"
दिवसभर पारव्यांना धारेवर धरणारा हा प्राणी
माझ्याकडे नुसता बघतो. जांभई देतो.
"बोल ना रे."
बेल. जांभई. बेल.
मिसेस हॅलिवेल म्हणाली होती, नाहीच जमलं तर करून दाखवा.

मी लायनोवर गुडघे टेकले.
पहिलं भुंकणं असं निघालं, जसं कुणी दारातून डोकावून
"आत येऊ का?" विचारतं.
दुसरं थोडं बरं.
तिसरं कुठून आलं मला माहीत नाही,
कपाटातल्या बशा वाजल्या,
रताळ्याचे कान ताठ झाले
आणि मग आम्ही दोघंही.
लेटरबॉक्सच्या झडपेतून मुकुंदचे डोळे,
मागून त्याचा आवाज, "अगं, बरी आहेस ना?"

थांबणं त्यामानाने सोपं गेलं.
'क्वाएट' त्याला कळलं नाही, ते म्हणताना तोंड उघडंच राहतं.
'गप' म्हणताना शेवटी ओठ मिटतात,
त्याला दिसतं ते.
मिटले ओठ की कलेजी.

पुढच्या बुधवारी चिठ्ठी.
"मंगळवार: एकूण अकरा. सुधारणा आहे.
मात्र त्यांतले चार कुत्र्याचे वाटले नाहीत."

खाली सॉरी लिहायला पेन घेतलं,
टोपण काढलं, लावलं.
पट्टा अडकवला आणि शेजारची बेल दाबली.
दार उघडायला वेळ लागला बराच.
आत बेल वाजली हे सांगणारं
ट्रेव्हरकडे कुणी नाही.
रताळ्या पायाशी बसला होता, शहाण्यासारखा,
मान वर करून
माझ्या ओठांकडे बघत.